मुलाचा जबाब मुलाच्याच भाषेत नोंदवला जावा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

कर्नाटकात दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास गावोगावी ग्रामपंचायतींत मुलांची ग्रामसभा भरते. आमच्या खानापूर तालुक्यातील अशाच एका सभेला मी निवृत्त शिक्षिका म्हणून मुलांसोबत गेले होते. तेथे आलेल्या अधिकाऱ्यांनी मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सांगितला, पोक्सो कायद्याची माहिती दिली आणि कोणी त्रास दिल्यास न घाबरता पोलिसांकडे जा, असे मनापासून आवाहन केले. हे सारे कन्नडमध्ये झाले आणि मुले शांतपणे ऐकत बसली. परतताना पाचवीतल्या एका मुलीने माझ्या पदराला धरून विचारले, “टीचर, तिथं मराठीत सांगितलं तर चालतंय काय?” मी तिला ‘चालतंय’ म्हणाले. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे बरोबर आहे. मात्र आपल्या भागात ते प्रत्यक्षातही खरे ठरावे, यासाठी काय करावे लागेल, ते मांडण्याकरिता हे पत्र लिहीत आहे.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्यातील शिक्षेच्या तरतुदी सर्वांना ठाऊक असतात, कारण बातम्यांत त्याच येतात. मुलाचे ऐकून कसे घ्यावे, याविषयी त्या कायद्याने जे सांगितले आहे ते मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या वाटेल अशा ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या वा त्यावरील महिला अधिकाऱ्याने घ्यावा, त्या वेळी गणवेश घालू नये आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात थांबवू नये, असे कलम २४ सांगते. जबाब मुलाने सांगितला तसाच, आईवडिलांच्या किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत नोंदवावा, गरज पडल्यास दुभाष्याचे साहाय्य घ्यावे आणि शक्य तेथे त्याचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे, असे कलम २६ मध्ये आहे. त्याच्याही आधी कलम १९ मध्ये, तक्रार मुलाला न कळणाऱ्या भाषेत लिहिली जात असेल आणि मजकूर त्याला समजत नसेल तर त्याला दुभाषी किंवा अनुवादक पुरविला पाहिजे, असे स्पष्ट बंधन आहे. न्यायालयात साक्ष होतानाही दुभाष्याची तरतूद कलम ३८ मध्ये केलेली आहे. म्हणजे पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या साक्षीपर्यंत मुलाची भाषा सुटू नये, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला होता.

दुभाषी कोण असावा, हेही पोक्सोच्या २०२० च्या नियमांत सांगितलेले आहे आणि ते वाचताना, जणू आपला सीमाभाग डोळ्यांसमोर ठेवूनच हे वाक्य लिहिले असावे, असे मला वाटले. मुलाची भाषा आणि राज्याची राजभाषा या दोहोंची कामापुरती जाण दुभाष्याला हवी. मुलाची भाषा त्याची मातृभाषा असेल, निदान प्राथमिक शाळेतील त्याचे माध्यम असेल, किंवा ती भाषा बोलली जाते त्या भागातील वास्तव्यामुळे वा व्यवसायामुळे त्याने ती आत्मसात केली असेल, तर ते पुरेसे आहे. पदवीची अट नाही. दोन भाषांत वाढलेली अशी माणसे बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तालुक्यांत घरटी एक तरी सापडतील. बाजारात, बँकेत आणि तहसीलदार कचेरीत आपण रोज एकमेकांसाठी हेच काम करीत असतो.

येथे एक खुलासा करते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याविषयी प्रत्येकाची भावना काय आहे, हे आपण सारे जाणतो. या पत्राचा त्याच्याशी संबंध नाही. मी मागते आहे ते मराठी मुलाइतकेच निपाणीतील उर्दू बोलणाऱ्या मुलाला, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या लमाणी मुलाला आणि महाराष्ट्रात जत किंवा अक्कलकोट तालुक्यात वाढणाऱ्या कन्नड मुलालाही मिळाले पाहिजे.

भाषेचा एवढा आग्रह का, हे मी स्वतः पाहिलेल्या एका प्रसंगावरून सांगते. मूल ओळखू येईल असा कोणताही तपशील मी देणार नाही. कायदा लागू झाल्यानंतर काही वर्षांनी माझ्या शाळेतील एका मुलीच्या जबाबाच्या वेळी, तिच्या विश्वासातील व्यक्ती म्हणून मी तिच्याजवळ बसले होते. जबाब घेणाऱ्या महिला उपनिरीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या होत्या. त्या साध्या कपड्यांत आल्या, मुलीशी आधी तिच्या शेळीविषयी बोलल्या आणि आवाज एकदाही चढवला नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्यांना मराठी येत नव्हते. मुलगी सांगत होती, तिची आई मोडक्या कन्नडमध्ये त्याचा अर्थ सांगत होती आणि हवालदार ते लिहून घेत होते. ज्या आईचे काळीज फाटलेले आहे, तिच्याकडूनच भाषांतराचे काम करून घेणे किती क्रूर आहे, हे त्या खोलीत बसलेल्या आम्हा कोणालाच त्या क्षणी सुचले नाही.

मुलगी म्हणाली होती, “त्यो मला असं करूलालाय.” आपल्या भागातील हे ‘करूलालाय’ पुण्यामुंबईच्या वाचकाला नवे वाटेल. ‘करत आहे’ असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे ते घडून संपलेले नाही, चालूच आहे. आईच्या तोंडून ते कन्नडमध्ये ‘केले’ असे गेले आणि कागदावर एका दिवसाची एक घटना उमटली. मला कन्नड वाचता येत असल्याने जबाब वाचून दाखविताना ते माझ्या ध्यानात आले. मी विनंती केली. अधिकाऱ्यांनी मुलीला पुन्हा एकदा, सावकाश विचारले, तेव्हा हे गणपतीपासून चालले असल्याचे पुढे आले आणि जबाब दुरुस्त झाला. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो, कारण एकापेक्षा अधिक वेळा केलेला अत्याचार हा कायद्याने गंभीर स्वरूपाचा गुन्हा ठरतो आणि त्याची शिक्षा वेगळी आहे. पुढे उलटतपासणीत, ‘आधी एकदाच घडले म्हणाली होतीस, आता अनेकदा म्हणतेस’ असे त्या मुलीला ऐकावे लागले असते आणि तिने न केलेल्या चुकीसाठी तीच खोटी ठरली असती. त्या दिवशी त्या खोलीत कन्नड वाचणारे कोणी नसते तर काय झाले असते, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

येथवर यायला आपल्याला पुष्कळ काळ लागला आहे. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा, १९२४ साली, मुंबईचा बाल अधिनियम झाला. निराधार मुले आणि गुन्ह्यात सापडलेली मुले यांना प्रौढांच्या तुरुंगापासून दूर ठेवावे, हा त्यामागील विचार होता. त्याच इलाख्याने १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला आणि पुढे कर्नाटकाने १९८२ साली मुलींना देवाला वाहण्यावर बंदी घातली. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात असल्याने या दोन कायद्यांचे मोल आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. केसांत जट आली म्हणून मुलगी देवीला सोडली, असे सहज बोलले जात असे तो काळ माझ्या आईने पाहिला होता. मूल बाहेरच्या माणसाच्या हाती पडू नये याची काळजी कायदे घेऊ लागले होते. घरातला, नात्यातला किंवा शाळेतला माणूसच मुलाला इजा करू शकतो, हे मान्य करायला मात्र समाज फार काळ तयार नव्हता.

त्या काळात भारतीय दंडविधानात बलात्काराची व्याख्या होती, विनयभंगाचे कलम होते. मुलग्यावर झालेल्या अत्याचारासाठी अनैसर्गिक कृत्याच्या कलमापलीकडे जवळजवळ काही नव्हते. नव्वदच्या दशकात माझ्या वर्गातील एक मुलगा अचानक गप्प झाला. चड्डीत शी होऊ लागली, म्हणून इतर मुले त्याला हसू लागली. मला शंका आली. मी वरिष्ठांना सांगितले. “मुलग्याला काय होतंय? शाळेचे नाव खराब होईल” एवढे ऐकून मी परत वर्गात आले. मी तरुण होते, नोकरी नवी होती आणि जायचे कोठे हेही माहीत नव्हते. पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत आला नाही. त्याच्या गप्प बसण्यात माझाही वाटा होता, हे मी येथे लिहून ठेवते.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. आपल्या खानापूरला लागून असलेल्या गोव्याने, मडगावात अनाथालय चालवून मुलांवर अत्याचार करणाऱ्या फ्रेडी पीट्स याच्या प्रकरणाने हादरल्यानंतर, २००३ साली स्वतंत्र बाल कायदा केला आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराची व्याख्या देशात प्रथम कायद्यात आणली. साक्षी या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले की, साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये असा पडदा असावा, उलटतपासणीतील प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांमार्फत विचारावेत आणि मुलाला पुरेशी विश्रांती द्यावी. नंतर २००७ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल आला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तयार केलेल्या त्या अहवालात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. त्यांतील मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते आणि निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा होता. वर्तमानपत्रात ते वाचताना मला माझ्या वर्गातला तो मुलगा आठवला. या सगळ्यातून पोक्सो आला आणि त्याने मुलगा-मुलगी हा भेद ठेवला नाही.

पुढे २०१९ साली शिक्षा वाढविण्यात आल्या. अतिगंभीर गुन्ह्यांसाठी किमान वीस वर्षे आणि फाशीपर्यंतची तरतूद झाली. त्यास माझा विरोध नाही. पण पहिला जबाबच चुकीच्या शब्दांत नोंदला गेला, तर शिक्षा कितीही कठोर असली तरी ती आरोपीपर्यंत पोहोचत नाही, असे माझे मत आहे.

भाषेचा प्रश्न पोलिस ठाण्याच्या कितीतरी आधी, घरात आणि वर्गात सुरू होतो. शाळांमधून हल्ली ‘गुड टच, बॅड टच’चे कार्यक्रम होतात आणि मुले ते शब्द पाठ म्हणतात. पण नेमके कोठे, कोणी, काय केले हे सांगायला त्यांच्याकडे मराठी शब्दच नसतात, कारण आपण ते त्यांना कधी दिलेलेच नाहीत. डोके, हात, पोट यांची नावे आपण बाळाला शिकवतो आणि पुढच्या अवयवांना ‘शूची जागा’ म्हणून मोकळे होतो, किंवा ‘छी’ म्हणून गप्प करतो. ज्या अवयवाचे नाव घेतले की ओरडा बसतो, त्याविषयी तक्रार मूल कशी करील? अनेकदा ते ‘काका लई त्रास देतंय’ किंवा ‘मला तिकडं जायला नको’ एवढेच म्हणते. आपण ते हट्ट समजतो. अंगणवाडी ताईंना आणि प्राथमिक शिक्षकांना मिळणाऱ्या प्रशिक्षणात हे शब्द मुलांच्या बोलीत, न लाजता कसे वापरावेत हे शिकविले गेले, तर तो मोठा आधार होईल. निपाणीत आया विड्या वळायला बसतात, ऊसतोडीच्या हंगामात मुले फडाशेजारच्या खोपटात दिवसभर एकटी असतात. तेथे पहिली हाक बहुधा शेजारणीला किंवा अंगणवाडीतील मदतनीस बाईलाच ऐकू येते.

ही हाक ऐकल्यावर गप्प बसण्याचा अधिकार कोणालाही नाही, हेही सर्वांना कळले पाहिजे. अत्याचार झाल्याची, किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिली पाहिजे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयी लपविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही. बदलापूरच्या शाळेतील २०२४ च्या घटनेत माहिती दडविल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला, हे आपण वाचले आहे. तरीही गावातील चार वडीलधारी माणसे बसवून, पैसे देऊन किंवा मुलीला आजोळी पाठवून ‘मिटवून टाकण्याची’ रीत आपल्याकडे संपलेली नाही. असे मिटवणारे स्वतः गुन्हा करीत असतात.

आजोळावरून सीमाभागाचीच एक खास अडचण आठवली. आपली नातीगोती चंदगड, गडहिंग्लज, आजरा येथपर्यंत पसरलेली आहेत आणि सुट्टीत मुले हद्द ओलांडून जातात. गुन्हा तिकडे घडतो, मूल इकडे परतल्यावर सांगते आणि मग ‘ही आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळण्याची भीती पालकांना वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घेतली पाहिजे आणि ती नंतर संबंधित ठाण्याकडे पाठवली पाहिजे. अशा प्रकरणात मराठी मुलाचे शब्द येथे कन्नडमध्ये लिहिले जातात आणि हद्दीपलीकडे गेल्यावर त्यांचे पुन्हा मराठी केले जाते. दोनदा उलथून झालेल्या त्या मराठीत मुलाचे स्वतःचे किती उरत असेल! जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण आणि मूळ मराठी शब्द देवनागरीत लिहिलेले टिपण सोबत गेले, तर हे टळू शकते.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, यांपैकी कशावरूनही मूल ओळखता येईल असे छापण्यास कलम २३ ने मनाई केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मधील निपुण सक्सेना प्रकरणात ती अधिक स्पष्ट केली आहे. नाव वगळून गाव, आरोपीशी असलेले नाते आणि वडिलांचा व्यवसाय छापला, की दोनशे उंबऱ्यांच्या गावात नाव छापल्यासारखेच होते. ज्या घरी अशी बातमी पोचते, तेथील मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. आपल्या वार्ताहरांना गावाऐवजी केवळ तालुक्याचा उल्लेख करण्याची सूचना आपण द्यावी आणि बातमीखाली १०९८ व ११२ हे क्रमांक मराठीत छापावेत.

जिल्हा प्रशासनाकडे माझे मागणे साधे आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची व अनुवादकांची नोंदवही ठेवून ती पोलिस, दंडाधिकारी आणि विशेष न्यायालय यांना उपलब्ध करून द्यावी, असे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्याच्या नोंदवहीत मराठी आणि उर्दू जाणणारी किती माणसे आहेत, त्यांत स्त्रिया किती, हे नावे न सांगता जाहीर करावे. ती कमी असतील तर निवृत्त शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि दोन्ही भाषा जाणणारे वकील यांच्याकडून अर्ज मागवून त्यांना बाल कल्याण समितीच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण द्यावे. गोपनीयता कशी पाळावी, मुलाच्या वाक्यात आपले काही घालू वा गाळू नये आणि स्वतः रडू न लागता कसे ऐकावे, हे शिकावे लागते. मला ते त्या दिवशी येत नव्हते. शाळा सुधारणा समित्यांनीही, मराठी शाळेच्या भिंतीवर ‘तू मराठीत सांग, दुभाषी देणे हे आमचे काम आहे’ असा फलक लावण्यासाठी गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे आग्रह धरावा.

मला आता एकोणसत्तर वर्षे पूर्ण झाली आहेत, मराठी माझी मातृभाषा आहे आणि कन्नड मला लिहिता-वाचता येते. या नोंदवहीत माझे नाव घ्यावे असा अर्ज मी या आठवड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठवीत आहे. सोबत आणखी तीन निवृत्त शिक्षिकांचे अर्ज आहेत. ज्या वाचकांना दोन्ही भाषा येतात आणि रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी जाण्याची तयारी आहे, त्यांनीही आपले अर्ज द्यावेत. पुढील नोव्हेंबरच्या ग्रामसभेत त्या मुलीला मला सांगायचे आहे की, मराठीत सांगितलेले चालते आणि ते ऐकायला आमच्या तालुक्यातून अमुक इतकी माणसे तयार आहेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव